नाटक सुटल्यावर मनात काय उरतं?

धान घरात आलं की झाडीपट्टीत नाटकांचे भोंगे फिरू लागतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा या रंगभूमीचा मुलूख आणि वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक कंपन्यांचं ठाणं. दिवसा मंडई म्हणजे गावची जत्रा, नाहीतर शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. पडदा रात्री उशिरा उघडतो आणि उजाडेपर्यंत मंडपातून कोणी हलत नाही. याच रंगभूमीवर हजारो प्रयोग केलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा इकडच्या गावांना घरच्या माणसाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका मंडपात मी कॉलेजातल्या पोरांच्या घोळक्यात बसलो होतो. रंगमंचावर एक पुढारी होता. त्यानं धानाच्या सरकारी बोनसचं वचन दिलं आणि पुढच्याच वाक्यात तो ते विसरला. पोट्टे पोट धरून हसले. माझ्या शेजारचा म्हणाला, "सारे असेच असतात जी." लगेच गाणं सुरू झालं आणि विषय संपला. मला मात्र ते वाक्य सोडेना. अठरा-वीस वर्षांच्या पोराचं पहिलं मतदान अजून व्हायचंय. त्याच्या मनात हसण्याबरोबर काय उतरलं?

हसवलेलं लक्षात राहतं, एवढं नक्की. जेसन कोरोनेल, एमिली फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १८ ते ३४ वयाच्या तरुणांना राजकीय बातम्या दाखवल्या, काही विनोदी ढंगात, काही साध्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विनोदी बातम्या जास्त आठवल्या आणि इतरांना पाठवाव्याशाही जास्त वाटल्या. त्या वेळी मेंदूतले दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेणारे भाग अधिक जागे होते. म्हणजे विनोद ऐकताच 'हे अमक्याला सांगितलं तर तो काय म्हणेल' याची जुळणी आतल्या आत सुरू होते.

पण लक्षात राहणं आणि पटणं यांत अंतर आहे. रॉबिन नाबी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं, की विनोदातून आलेल्या राजकीय मुद्द्याकडे श्रोता लक्ष देतो, पण त्याच्याशी वाद घालत नाही. 'गंमत आहे, सोडा' म्हणून मन पहारा उठवतं. त्यामुळे मत लगेच बदलत नाही. मात्र मुद्द्याची तपासणीही होत नाही, आणि तो तसाच आत पडून राहतो. पडून राहिलेल्या गोष्टीचं पुढे काय होऊ शकतं, हे मानसशास्त्रज्ञ कार्ल होवलँड यांच्या गटाला दुसऱ्या महायुद्धातच दिसलं होतं. त्यांनी अमेरिकी सैनिकांना युद्धाविषयीचा प्रचारपट दाखवला. पाच दिवसांनी जेवढी मतं बदललेली दिसली, त्याहून काही मुद्द्यांवर नऊ आठवड्यांनी जास्त बदल दिसला. गोष्ट कुठून आली हे माणूस विसरतो आणि गोष्ट उरते. याला सुप्त परिणाम म्हणतात. तो दर वेळी दिसतोच असं नाही, त्याला विशिष्ट परिस्थिती लागते. तरी दिवाळीनंतर ऐकलेला संवाद उन्हाळ्यात पानठेल्यावर 'आपलं मत' म्हणून कसा निघतो, याचा एक धागा इथे सापडतो.

शेजारच्या पोराच्या वाक्याकडे परत येतो. जोडी बॉमगार्टनर आणि जोनाथन मॉरिस यांनी अमेरिकेत २००४ च्या निवडणुकीच्या वेळी तरुणांना राजकीय विडंबनाचा कार्यक्रम दाखवला. दोन्ही उमेदवारांबद्दलचं मत खालावलं आणि निवडणूक व्यवस्थेवरचा विश्वासही घटला. त्याच वेळी 'राजकारण आपल्याला कळतं' हा आत्मविश्वास मात्र वाढला. अमेरिकेतला निष्कर्ष जसाच्या तसा झाडीपट्टीला लावता येणार नाही. तरी ही जोडी मला ओळखीची वाटते: सगळं कळतं, आणि सगळे सारखेच. त्यातली पहिली गोष्ट पोराला ग्रामसभेत बोलायला उठवू शकते, दुसरी त्याला घरीच बसवू शकते.

यातली कोणती जिंकेल, हे नाटकापेक्षा नाटकानंतरच्या बोलण्यावर ठरतं असं मला वाटतं. वंशसंहार सोसलेल्या रवांडात संशोधक एलिझाबेथ लेव्ही पालक यांनी वर्षभर गावकऱ्यांचे गट बसवून रेडिओ मालिका ऐकवल्या. काही गटांना सलोख्याची मालिका, बाकीच्यांना आरोग्याची. २००९ मध्ये आलेला निष्कर्ष विचारात पाडणारा होता. सलोख्याची मालिका ऐकणाऱ्यांच्या खासगी समजुती फारशा बदलल्या नव्हत्या, पण 'आपल्यात कसं वागतात' याची कल्पना आणि वागणं बदललं होतं. शेवटी गटाला टेपरेकॉर्डर भेट दिला. आरोग्याची मालिका ऐकणारे तो गावच्या प्रमुखाकडे सोपवायला सहज तयार होत. सलोख्याच्या गटांत कोणीतरी उठे आणि म्हणे, आपण सगळे मिळून सांभाळू. मग वाद होई. माझ्या मते या प्रयोगातलं सगळ्यात मोलाचं ते वाद घालणं आहे.

आपल्याकडे हे फार आधी ओळखलेला माणूस अमरावती जिल्ह्यातला होता. गाडगेबाबा कीर्तनात नुसतं सांगत नसत, प्रश्न टाकत आणि समोरच्या गर्दीकडून उत्तर वदवून घेत. गर्दी हसायची, पण उत्तर तिचं तिलाच द्यावं लागायचं. तिथे पहारा उठवून चालत नव्हतं. मोबाइलवरच्या रीलमध्ये हीच जागा रिकामी असते. पोरगा एकटा पाहतो, अंगठा वर सरकतो, पुढचं येतं. हसण्याचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणात माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट सोबतीत हसतो. सोबत गेली की हसणं आटतं आणि हसण्यानंतरचं बोलणंही.

त्या नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पोरं पानठेल्यावर भेटली. खर्रा घोटला जात होता, डोळे तारवटलेले. एकानं पुढाऱ्याचा संवाद हुबेहूब म्हणून दाखवला आणि सगळे पुन्हा हसले. मग रात्रभर गप्प बसलेल्या एकानं विचारलं, "पण आपल्या खात्यात बोनस जमा झाला का गा यंदा? किती?" कोणालाच सांगता येईना. थोडा वेळ थांबून दोघांनी आपापल्या बापाला फोन लावला.