पुडाच्या डब्यातली सरमिसळ

अमेरिकी हॉटेलांच्या मेनूकार्डांवर 'पॅसिफिक रिम', 'एशियन फ्यूजन' असले शब्द १९८० नंतर मिरवू लागले. हवाई बेटांवर ही सरमिसळ त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती, तीही उसाच्या फडात.

मूळ हवाईयन माणसाचं मुख्य अन्न अळूचा कंद. आपण ज्याच्या पानांच्या वड्या करतो, तोच अळू. कंद शिजवून दगडी बत्त्यानं कुटला की 'पोई', आणि पानांत मांस-मासे गुंडाळून वाफवले की 'लाउलाउ'. १८३५ मध्ये कवाई बेटावर कोलोआला उसाचा मोठा मळा उभा राहिला. बाहेरून आलेल्या साथींनी स्थानिक लोकसंख्या खंगली होती, त्यामुळे मजूर बाहेरून आणले गेले: १८५२ पासून चिनी, मग जपानी, पोर्तुगीज, कोरियन, आणि १९०६ पासून फिलिपिनो.

दुपारचा डबा दोन पुडांचा, त्याचं नाव 'काउकाउ टिन'. खाली भात, वर ज्याच्या घरचं जे असेल ते. जेवताना एकमेकांच्या डब्यात हात जायचे. ही गोष्ट हल्ली जरा जास्तच गोड करून सांगतात. मजुरांच्या वस्त्या वंशवार वेगळ्या होत्या, मजुरीही वंश पाहून ठरायची. मजुरांची एकी होणं मळेवाल्यांना नकोच होतं. तरी १९२० मध्ये ओआहू बेटावर जपानी आणि फिलिपिनो मजूर एकाच वेळी संपावर गेले.

या डब्याचंच पुढं 'प्लेट लंच' झालं: भाताच्या दोन मुदी, मॅकरोनी सॅलड आणि एखादा मांसाचा पदार्थ. दुसऱ्या महायुद्धात सैन्याबरोबर स्पॅम, म्हणजे डबाबंद डुकराच्या मांसाची वडी, आला. तो भाताच्या वडीवर ठेवून नोरीच्या (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या) पट्टीनं बांधला की स्पॅम मुसुबी.

मोठ्या हॉटेलांना याचं काही नव्हतं. तिथं युरोपीय थाटाचं जेवण, आणि चारी बाजूंनी समुद्र असताना मासा मात्र बाहेरून गोठवून आणलेला! १९८८ मध्ये रॉय यामागुची यांनी होनोलुलूत रेस्टॉरंट काढलं. १९९१ मध्ये ते, सॅम चॉय, अ‍ॅलन वाँग यांच्यासह बारा शेफ एकत्र आले, स्थानिक शेतकऱ्यांकडून, कोळ्यांकडून माल घेऊ लागले आणि या स्वयंपाकाला 'हवाई रीजनल क्युझीन' असं नाव मिळालं.

त्यातला जगभर पोचलेला पदार्थ म्हणजे 'पोके'. मीठ, समुद्री शेवाळ आणि कुकुई झाडाच्या भाजलेल्या तेलकट बिया लावलेला कच्चा मासा, हे त्याचं जुनं हवाईयन रूप. सोया सॉस आणि तिळाचं तेल आशियाई मजुरांमागून आलं, आणि खाली भात.