निळी लोहगोळी

10 ते 19 वयाच्या मुलामुलींना रक्तक्षय होऊ नये म्हणून भारतात आठवड्यातून एकदा दिली जाणारी गोळी. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. 5 ते 9 वयाच्या मुलांची गोळी गुलाबी, स्त्रियांची लाल. रंग वेगळे ठेवले ते वाटपात गल्लत होऊ नये म्हणून. हा साप्ताहिक कार्यक्रम 2012–13 च्या सुमारास देशभर आला आणि 2018 पासून ‘ॲनिमियामुक्त भारत’ मोहिमेचा भाग आहे.

या वयात उंची, स्नायू आणि रक्ताचे प्रमाण झपाट्याने वाढते, मुलींची पाळी सुरू होते. रोजच्या भाकरी-भाजीतले लोह तेवढे पुरत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019–21) 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींना आणि 31.1 टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. चौथ्या पाहणीत मुलींचे प्रमाण 54.1 टक्के होते. म्हणजे गोळी असूनही आकडा चढला. अशा वेळी किती गोळ्या वाटल्या यापेक्षा किती पोटात गेल्या, हे पाहावे लागते.

गोळी शाळेत बहुधा सोमवारी, जेवणानंतर तासाभरात, शिक्षकांच्या समोर पाण्याबरोबर गिळायची. शाळाबाह्य मुलींना ती अंगणवाडीत मिळते. चहा किंवा दूध बरोबर नको, त्याने लोह कमी शोषले जाते. लिंबू, आवळा चालतो. उपाशीपोटी घेतली की मळमळते, पोटात दुखते. एका मुलीला उलटी झाली की बाकीचा वर्ग हात आखडता घेतो, आणि पुढच्या सोमवारी गोळ्या दप्तरात, नाहीतर खिडकीबाहेर जातात. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच असल्याने नववी-दहावीत ही अडचण जास्त. तिथे डबा खाल्ल्यावरची वेळ धरावी. शिक्षकांनी आधी स्वतः गोळी घेतली तर मुलांची भीती जाते. शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण हे पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे. उन्हाळी व दिवाळीच्या सुटीच्या गोळ्या घरी द्याव्या लागतात, आणि खंड पडतो तो तिथेच.

जंत असतील तर गोळीचा उपयोग कमी होतो. म्हणून वर्षातून दोनदा अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात.

साप्ताहिक गोळी प्रतिबंधासाठी आहे, उपचारासाठी नाही. 12 वर्षांपुढच्या मुलीचे हिमोग्लोबिन 8 ते 11.9 ग्रॅम आले, तर रोज दोन गोळ्या तीन महिने, मग फेरतपासणी. 8 च्या खाली गेले तर रुग्णालय. ताप असताना गोळी थांबवतात. थॅलेसेमिया (आनुवंशिक रक्तविकार) असलेल्या, वरचेवर रक्त चढवाव्या लागणाऱ्या मुलांना लोह देत नाहीत, कारण त्यांच्या शरीरात ते आधीच साठलेले असते. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या सिकलसेलच्या (हाही आनुवंशिक रक्तविकार) पट्ट्यात केवळ फिकट चेहरा पाहून डोस वाढवू नये. आधी रक्ततपासणी करावी.