डिजिटल पाळत (खानदेश)

डिजिटल पाळत : नागरिकांची ओळख, व्यवहार, संभाषण किंवा हालचाल यांची शासनाने संगणकीय नोंद ठेवणे आणि ती त्यांच्या नकळत किंवा नाइलाजाने मिळालेल्या संमतीवर वापरणे. जळगाव, धुळे व नंदुरबार मिळून होणाऱ्या खानदेशाला या विषयात वेगळे स्थान आहे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावात, तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देण्यात आले.

आधारचा पाया असलेल्या, बोटांच्या ठशांवरून ओळख पटवण्याच्या पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. विल्यम हर्शेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८५८ मध्ये बंगालातील जंगीपूर येथे एका कंत्राटावर हाताचा ठसा घेतला, तो आरंभ मानण्याचा प्रघात आहे. हेन्री फॉल्ड्स या स्कॉटिश डॉक्टरने १८८० मध्ये गुन्हेशोधासाठी ठसे सुचवले. त्यानंतर या दोघांत श्रेयाचा वाद बरीच वर्षे चालला. ठशांचे वर्गीकरण बंगालचा पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री याच्या नावाने ओळखले जाते. मात्र त्यामागचे गणिती काम त्याच्या हाताखालचे अधिकारी अझिझुल हक यांचे व पूरक काम हेमचंद्र बोस यांचे होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कलकत्त्यातील ठसे कार्यालय १८९७ चे.

ठशांचा वापर पुढे थेट पाळतीसाठी झाला. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची व्याप्ती १९११ च्या कायद्याने वाढली. पारधी यांसारख्या जमातींतील माणसांची नोंदवही, बोटांचे ठसे आणि पोलिसांपुढील हजेरी यांना त्यात आधार मिळाला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. आधार हे त्याचेच पुढचे रूप, असे काही अभ्यासक मानतात. आधार जातीवर बेतलेले नाही, त्यामुळे हे साम्य पूर्ण नाही. तरी आपण कोण हे वारंवार सिद्ध करण्याचा भार दोन्हीकडे गरिबावरच पडतो, हे नाकारता येत नाही.

रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवला की ठसा कूटबद्ध होऊन मध्यवर्ती साठ्याकडे जातो आणि ‘जुळला’ किंवा ‘जुळला नाही’ एवढेच उत्तर येते. ऊसतोड, कापूस वेचणी, वीटभट्टी यांत झिजलेले बोट पहिल्या खेपेला जुळत नाही. मग दुसरे बोट, ओल्या फडक्याने पुसलेला अंगठा, पुन्हा प्रयत्न. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात रेंज नसली की रांग तशीच थांबते. पडताळणी कशासाठी झाली याची नोंद आधार देणाऱ्या प्राधिकरणाने ठेवू नये, असे आधार कायदा सांगतो. पुरवठा खात्याकडे मात्र दुकान, तारीख, धान्य आणि अंगठा देणारी व्यक्ती हे सारे राहते. शिधापत्रिकेचा १२ अंकी क्रमांक टाकून कुटुंबाचा हा तपशील राज्याच्या संकेतस्थळावर पाहण्याची सोयही ठेवण्यात आली. पारदर्शकतेसाठी केलेली ही सोय घरातल्या माणसांची माहिती उघडी करते. त्याकडे झालेले दुर्लक्ष गंभीर आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ४ विरुद्ध १ मताने आधार वैध ठरले; पडताळणीच्या नोंदी ६ महिन्यांपलीकडे न ठेवण्याचे बंधन आले. बँक खाते व मोबाइल जोडणीची सक्ती गेली, अनुदानाची राहिली. म्हणजे दिलासा खातेदाराला मिळाला आणि शहाद्याच्या शिधापत्रिकाधारकाला अंगठा देणे चुकले नाही. अशा रचनेतून पाळतीचे राज्य उभे राहणार नाही, हे बहुमताचे म्हणणे होते, तर न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमतात पाळतीचा धोका मांडला. वेगवेगळे साठे एकाच क्रमांकाने जोडता येतात, हे पाहता भिन्नमत वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहे.

२०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायद्यात कलम १७(२) अन्वये केंद्राला आपल्या यंत्रणा कायद्यातून वगळता येतात. फोन व संदेश ऐकण्याचे अधिकार १८८५ च्या तार कायद्यातून आले, ते आता २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आहेत. सचिव पातळीवर निघणारे हे आदेश गोपनीय असतात आणि त्यांच्या नोंदी ठरावीक मुदतीने नष्ट करण्याचा नियम आहे. ज्याचा फोन ऐकला गेला त्याला तसे नंतरही कळवण्याची तरतूद नाही.