सकाळी तंबू आतून ओला, म्हणजे गळकाच?

‘तंबू सकाळी आतून ओला दिसला तर तो गळका, स्वस्त तंबू घेऊच नका.’ पावसाळा आला की इंदूरच्या आपल्या भटक्या मंडळींत हा संदेश फिरतो. शंका रास्त आहे, पण ते पाणी बरेचदा आपल्याच श्वासातलं असतं. रात्री कापड गार पडतं, आतली दमट हवा त्याला लागून थेंब धरते. महागड्या तंबूतही हेच होतं.

इंदूरजवळच्या जानापाव-चोरलच्या डोंगरांकडे निघण्याआधी गच्चीवर रिकामा तंबू ताणून उभारा आणि वरून पाइपने पाणी सोडा. शिवणीतून थेंब आले तर ती गळती. तिथे सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवणारा चिकट द्रव) लावा. आत कोरडं राहिलं, तर ओल श्वासाचीच; झोपताना हवेच्या झडपा थोड्या उघड्या ठेवा. खरेदी करताना मी तरी किमतीआधी दुहेरी थर (आतला तंबू आणि त्यावर वेगळं पावसाळी आवरण) आणि शिवणींवरची टेप पाहीन.