शेजारी-शेजारी, पण वेगळं: ब्रिटिश विद्यापीठांतल्या वादाची पार्श्वभूमी

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात (यूसीएल) ९ मार्च २०१३ ला इस्लाम आणि नास्तिकता या विषयावर जाहीर वादविवाद होता. आयोजक होती इस्लामिक एज्युकेशन अँड रिसर्च अकादमी. बायका-पुरुषांना सक्तीनं वेगळं बसवायचं नाही, असं कॉलेजनं आधीच बजावलं होतं. तरीही बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे आणि जोडप्यांना तिसरी जागा, अशी व्यवस्था झाली. बायकांच्या भागात जाऊन बसलेल्या तरुणांना तिथून उठवायला लागले, तेव्हा वक्ते असलेले भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स क्राउस यांनी हे थांबवा, नाहीतर मी चाललो, असं सुनावलं आणि ते दाराकडे निघालेही. तरुणांना बसू दिल्यावरच ते परतले. कॉलेजनं पुढे त्या संस्थेला आपल्या आवारात बंदी केली.

हे यूसीएलमध्ये घडावं, याचं विशेष वाटतं. १८७८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीनं स्त्रियांना पदवीसाठी प्रवेश देणारं ब्रिटनमधलं हे पहिलं कॉलेज. वैद्यकीचं दार मात्र तेव्हाही बंदच होतं. त्यासाठी बायकांना १८७४ मध्ये लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन ही स्वतंत्र संस्था उभारावी लागली. बालपणी लावलेलं लग्न कोर्टात नाकारणाऱ्या आपल्या रखमाबाई १८८९ मध्ये मुंबईहून तिथेच शिकायला गेल्या. ती संस्था नाव बदलत बदलत १९९८ मध्ये यूसीएलमध्येच विलीन झाली.

वाद खरा पेटला नोव्हेंबर २०१३ मध्ये. युनिव्हर्सिटीज यूके या विद्यापीठांच्या संघटनेनं बाहेरच्या वक्त्यांविषयी मार्गदर्शिका काढली. तिच्यात एक काल्पनिक उदाहरण होतं: वक्त्यानं धर्मश्रद्धेपोटी वेगळ्या आसनांचा आग्रह धरला तर? उत्तर असं, की बायकांना मागे बसवू नये. पण डावीकडे-उजवीकडे शेजारी-शेजारी बसवलं आणि एकत्र बसण्याचीही सोय ठेवली, तर चालू शकेल.

याला कायद्यातली एक फट कारणीभूत होती. २०१० च्या समता कायद्यात वंशावरून वेगळं ठेवणं हा मुळातच भेदभाव धरला आहे. लिंगाबाबत तसं कलम नाही. त्यामुळे ‘दोघांनाही सारखंच वेगळं ठेवलं, मग अन्याय कुणावर?’ असा युक्तिवाद करता आला. मला तो पटत नाही. ओळखीच्या चार माणसांच्या नजरेसमोर उठून एकत्र बसण्यासाठी ठेवलेल्या ओळींत जाऊन बसणं एखाद्या मुलीला किती अवघड जाईल, याचा विचार त्या उदाहरणात दिसत नाही. आम्ही खुशीनं वेगळ्या बसतो, असं सांगणाऱ्या मुस्लिम विद्यार्थिनीही होत्या, आणि त्यांचं म्हणणं खोटं मानायचं कारण नाही. पण स्वतःहून मैत्रिणीशेजारी बसणं वेगळं आणि दारातच बाजू ठरवून मिळणं वेगळं.

१० डिसेंबरला, मानवी हक्क दिनी, संघटनेच्या लंडनमधल्या कचेरीसमोर निदर्शनं झाली. त्यांत साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था होती, याला मोठा अर्थ आहे. दक्षिण आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन बायकांची ही संस्था १९७९ पासून वंशद्वेषाशीही लढते आणि घरातल्या मारहाणीशीही. त्यांच्या विरोधाला मुस्लिमद्वेषाचं लेबल चिकटवणं सोपं नव्हतं. राजकारणी त्यानंतर बोलू लागले. मजूर पक्षाचे चुका उमुन्ना आणि हुजूर पक्षाचे शिक्षणमंत्री मायकल गोव्ह दोघेही विरोधात उतरले, पंतप्रधान कॅमेरन यांनीही नाराजी कळवली. १३ डिसेंबरला ते उदाहरण मागे घेतलं गेलं. समता आणि मानवी हक्क आयोगानं जुलै २०१४ मध्ये स्पष्ट केलं, की प्रत्यक्ष प्रार्थना-उपासना सोडून विद्यापीठाच्या सभांमध्ये असं वेगळं बसवता येणार नाही.

न्यायालयात हा प्रश्न गेला तो शाळेच्या वाटेनं. बर्मिंगहॅमच्या अल-हिजरा शाळेत पाचवीपासून मुलगे-मुली पूर्ण वेगळे ठेवले जात. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं शाळेची बाजू घेतली होती. १३ ऑक्टोबर २०१७ ला अपील न्यायालयानं तो निकाल फिरवला. दोन्ही गटांचं नुकसान सारखंच, हा बचाव न्यायाधीशांनी मानला नाही. एकेका मुलीला मुलग्यांमध्ये मिसळता येत नाही, एकेका मुलग्याला मुलींमध्ये. ज्याचं त्याचं नुकसान ज्याच्या त्याच्यापुरतं मोजायचं, असं त्यांनी ठरवलं.