एपिड्युरल भुलीचा प्रसार

मज्जारज्जूचे बाहेरचे जाड आवरण (ड्युरा) आणि मणक्यांना मागून सांधणारा पिवळा अस्थिबंध यांच्या मधल्या जागेत सोडलेले औषध वर-खाली जितक्या मज्जातंतूंपर्यंत पोहोचते, त्याला एपिड्युरल भुलीचा प्रसार म्हणतात. ही जागा मोकळी नळी नव्हे. तिच्यात चरबी असते, शिरांचे जाळे असते, मज्जातंतूंची मुळे असतात. औषध वाट मिळेल तसे पसरते आणि त्यातले काही मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून बाहेरही जाते. एकच मात्रा एका रुग्णाला बेंबीपर्यंत आणि दुसऱ्याला छातीपर्यंत बधिर करते ती यामुळेच. बाळंतपणाच्या कळांसाठी बेंबीची पातळी (टी-१०, म्हणजे छातीच्या भागातला दहावा मज्जातंतू) पुरते, सिझेरियनला मात्र स्तनाग्रांपर्यंत (टी-४, त्याच भागातला चौथा) जावे लागते.

सर्वांत मोठा घटक म्हणजे औषधाची एकूण मात्रा. कमरेच्या भागात एका पातळीला (एका मज्जातंतूच्या पट्ट्याला) साधारण १ ते २ मि.ली. लागते, छातीच्या भागात त्याहून कमी. द्रावणाची तीव्रता वाढवली की भूल गाढ होते, पण ती फार वर चढत नाही. टोचण्याची जागाही महत्त्वाची: कमरेतून दिलेले औषध खाली जाण्यापेक्षा वर जास्त सरकते, वरच्या छातीतून दिलेले खाली उतरते. एल-५ (कमरेचा पाचवा) आणि एस-१ (माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीचा पहिला) या मज्जातंतूंची मुळे जाड असल्याने तिथे भूल उशिरा चढते आणि कधी अपुरी राहते.

वय वाढते तशी बाजूची छिद्रे आक्रसतात, औषध बाहेर कमी जाते आणि प्रसार वाढतो. म्हणून वृद्धांना मात्रा बरीच कमी करावी लागते. गरोदरपणात शिरा फुगून जागा अरुंद होते, शिवाय संप्रेरकांमुळे मज्जातंतू औषधाला अधिक संवेदनशील होतात. अशा स्त्रीला नेहमीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी औषध पुरते. उंचीचा परिणाम थोडाच. जुना ठोकताळा असा: १५० से.मी. उंचीला दर पातळीस १ मि.ली., पुढे दर ५ से.मी.ला ०.१ मि.ली. अधिक.

वजनाने प्रसार फारसा ठरत नाही, पण विषबाधेची मर्यादा वजनावरच ठरते. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्या कृश मातांच्या बाबतीत हे काटेकोरपणे पाहावे. ॲड्रेनालिनयुक्त लिडोकेनची (बधिर करणाऱ्या औषधाची) कमाल मात्रा किलोला ७ मि.ग्रॅ. धरली, तर ४५ किलोच्या स्त्रीला ३१५ मि.ग्रॅ., म्हणजे २ टक्के द्रावणाचे १५ मि.ली.च्या थोडे वर. तिथेच थांबावे लागते.

कुशीवर की बसून, सुईचे तोंड कुठे, औषध किती वेगाने दिले, यांवर नवखे फार विचार करतात. प्रत्यक्षात फरक किरकोळ असतो. वेगाने ढकलल्याने जागेतला दाब वाढतो, एवढेच. कॅथेटर (औषध देण्यासाठी त्या जागेत ठेवलेली बारीक नळी) किती आत आहे, याला मात्र खरेच महत्त्व आहे. जागेत ३ ते ५ से.मी. ठेवावे. त्याहून खोल गेल्यास टोक बाजूच्या छिद्रात शिरते आणि एकच बाजू बधिर होते. तेव्हा १ ते २ से.मी. मागे ओढून पुन्हा मात्रा देतात. पूर्वी मणक्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर चिकटलेल्या ऊतींमुळे मधले पट्टे बधिर न होता सुटतात आणि जास्त औषध देऊनही ते भरून येत नाहीत.

आधी ३ मि.ली. चाचणी मात्रा, मग ३ ते ५ मि.ली.चे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याआधी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त किंवा मज्जाद्रव येतो का पाहणे, हा क्रम मोडू नये. पातळी स्पिरिटच्या बोळ्याने तपासावी. अहिराणीत ‘दुखस का?’ (दुखते का?) एवढेच विचारले, तर कळा थांबलेली बाई नाही म्हणते आणि पातळी कळत नाही. थंडावा कुठून लागतो ते अहिराणी, भिली किंवा पावरीत विचारावे.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडचे रुग्ण घामाने शुष्क होऊन येतात. थोडा प्रसार वर गेला तरी त्यांचा रक्तदाब झपाट्याने उतरतो. नंदुरबार भागातील सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या मातांमध्ये प्रसाराचे गणित तेच राहते, पण शुष्कता आणि रक्तदाब घसरणे त्यांना अधिक घातक ठरते. म्हणून आधी सलाईन, डाव्या कुशीकडे कल आणि टप्प्यांमध्ये पुरेसा अवकाश हवा. हाताची पकड सैल झाली, आवाज बारीक झाला किंवा श्वास लागला, तर भूल फार वर गेली असे समजून औषध थांबवावे, ऑक्सिजन द्यावा, रक्तदाब सावरावा आणि श्वासनलिकेत नळी घालण्याची तयारी हाताशी ठेवावी.