यकृतात अडकतं, फुप्फुसाला नडतं

रक्तातली प्रथिनं वेगळी करण्याची १९६०च्या सुमाराची पद्धत साधी होती. रक्तद्रवाचा थेंब ओल्या कागदी पट्टीवर ठेवायचा आणि विजेचा प्रवाह सोडायचा. प्रत्येक प्रथिन आपल्या वेगाने सरकतं आणि ठरावीक जागी रेघ उमटते. स्वीडनमधल्या माल्मो इथल्या रुग्णालयात कार्ल-बर्टिल लॉरेल अशा पट्ट्या नजरेखालून घालत असत. सुमारे १५०० पट्ट्यांपैकी पाचांमध्ये अल्फा-१ नावाची रेघ जवळपास गायबच होती. स्टेन एरिक्सन या तरुण डॉक्टरांनी त्या पाच जणांची माहिती काढली, तेव्हा तिघांना कमी वयातच एम्फिसीमा झालेला आढळला. म्हणजे फुप्फुसातले वायुकोश फाटून त्यांच्या जागी मोठाल्या पोकळ्या झालेल्या, थोडं चाललं की धाप. १९६३ साली दोघांनी शोधनिबंध प्रसिद्ध केला. पाच माणसांवरून नवा आजार मांडणं हे धाडसच होतं, पण ते खरं ठरलं.

न दिसलेल्या रेघेतलं मुख्य प्रथिन म्हणजे अल्फा-१ अँटीट्रिप्सिन. ते बहुतांशी यकृतात तयार होतं आणि रक्तातून फुप्फुसापर्यंत पोचतं. तिथे त्याची गरज का पडते, हे कळायला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींकडे पाहावं लागतं. जंतूंशी लढताना या पेशी इलास्टेज नावाचं विकर सोडतात. ते जंतूंना मारायला मदत करतं, पण वायुकोशांच्या भिंतींना लवचिकपणा देणारं इलास्टिनही पचवून टाकतं. श्वास सोडताना फुप्फुस आपोआप आक्रसतं ते याच इलास्टिनमुळे. एकदा ते नष्ट झालं की मोठ्या माणसाच्या शरीरात त्याची नीट भरपाई होत नाही.

इलास्टेजला आवरण्याचं काम अँटीट्रिप्सिन करतं, आणि ते उंदराच्या सापळ्यासारखं. रेणूच्या बाहेर एक फास डोकावत असतो, आमिषच म्हणा. इलास्टेज त्याला चावा घेतं, फास तुटतो, तुटलेला भाग झटक्यात रेणूच्या पोटात शिरतो आणि त्याला चिकटलेलं इलास्टेजही ओढलं जाऊन दुसऱ्या टोकाला आपटतं, पार मोडतं. पण हा सापळा एकदाच वापरता येतो. एका इलास्टेजमागे एक अँटीट्रिप्सिन खर्ची पडतं. म्हणून इथे रक्तातल्या प्रमाणाला एवढं महत्त्व.

मग ते कमी का पडतं? सर्वसाधारण समजूत अशी, की जनुक बिघडलं म्हणजे प्रथिन बनतच नाही. या आजाराच्या सर्वात महत्त्वाच्या प्रकारात तसं घडत नाही. १४व्या गुणसूत्रावरच्या जनुकात एकच अक्षर बदलतं, त्यामुळे ३९४ अमिनो आम्लांच्या साखळीत ३४२व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येतं. या प्रकाराला झेड म्हणतात, नेहमीच्या निरोगी प्रकाराला एम. झेड प्रथिन यकृतात तयार होतं, पण त्याची घडी सैल बसते. एका रेणूचा फास शेजारच्या रेणूच्या फटीत अडकतो, त्याचा पुढच्याच्या, आणि लांब माळ तयार होते. केंब्रिजमधल्या डेव्हिड लोमास आणि रॉबिन कॅरेल यांच्या गटाने १९९२ साली हे दाखवलं. या माळा यकृताच्या पेशींतच साचतात. आईवडील दोघांकडूनही झेड मिळालेल्या माणसाच्या रक्तात नेहमीच्या साधारण १० ते १५ टक्केच प्रथिन उतरतं.

ज्या रेणूचं उत्तम काम त्याच्या उडणाऱ्या फासामुळे होतं, तोच फास त्याला यकृतात अडकवतो. आजार दोन होतात ते त्यामुळे. फुप्फुस टंचाईने खराब होतं, यकृत साठ्याने. काही बाळांना जन्मानंतर लांबलेली कावीळ होते, काही प्रौढांना दारूचा थेंबही न घेता सिऱ्होसिस होतो, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होतं, आणि पुष्कळांना यकृताचा काहीच त्रास होत नाही.

सिगारेट या सगळ्यात दुहेरी घात करते. धुरामुळे फुप्फुसात न्यूट्रोफिल गोळा होतात, म्हणजे इलास्टेज वाढतं. शिवाय फासातल्या ३५८व्या जागेवरच्या मेथिओनिनचं धुरामुळे ऑक्सिडीकरण होतं आणि होतं नव्हतं ते अँटीट्रिप्सिनही निकामी ठरतं. (ही ३५८वी जागा भलतीच नाजूक. तिथे आर्जिनिन आलं तर हेच प्रथिन इलास्टेज सोडून रक्त गोठवणाऱ्या थ्रोम्बिनला पकडू लागतं. असा बदल असलेला १४ वर्षांचा एक मुलगा रक्तस्रावाने दगावल्याची नोंद आहे.) स्वीडनमध्ये १९७२ ते १९७४ या काळात दोन लाख नवजात बाळांची तपासणी झाली होती. त्यातली झेड-झेड मुलं तिशीत आली तेव्हा धूम्रपान न करणाऱ्यांची फुप्फुसं बहुतांशी ठीक होती.

धूम्रपानाने एम्फिसीमा नेमका कसा होतो, याची पहिली पटणारी मांडणीही याच दुर्मीळ आजारातून निघाली. इलास्टेज आणि त्याला रोखणारं प्रथिन यांचा तोल बिघडला की भिंती झिजतात, ही ती कल्पना. तरीही सीओपीडीच्या (श्वास अडवणारा फुप्फुसाचा दीर्घकाळचा आजार, एम्फिसीमा त्याचाच एक प्रकार) रुग्णाची अँटीट्रिप्सिनसाठी तपासणी बऱ्याचदा होतच नाही, याचं मला नवल वाटतं. दमा किंवा सीओपीडी म्हणून वर्षानुवर्षं इनहेलर चालू राहतात, मूळ कारण कुणी शोधत नाही. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाची एकदा तरी चाचणी करावी असं सुचवलं आहे. वय चाळिशीच्या आसपास, धूम्रपान नाही किंवा थोडंच, आणि सीटी स्कॅनमध्ये नुकसान फुप्फुसाच्या खालच्या भागात जास्त, असं दिसलं तर शंका यायलाच हवी. नेहमीच्या धूम्रपानाच्या एम्फिसीमात वरचा भाग आधी बिघडतो. चाचणी साधी, रक्ताची. फक्त ताप किंवा संसर्ग असताना हे प्रथिन तात्पुरतं वाढतं, त्यामुळे एकच झेड असलेल्या वाहकाचा आकडा तेव्हा फसवा येऊ शकतो. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक भावंडाला झेड-झेड असण्याची शक्यता चारात एक, म्हणून एकाचं निदान झालं की भावंडांनाही तपासतात.

उपचार म्हणजे दात्यांच्या रक्तद्रवातून वेगळं काढलेलं अँटीट्रिप्सिन, दर आठवड्याला शिरेतून. अमेरिकेत १९८७पासून ते मिळतं. सीटी स्कॅनवर फुप्फुसाची झीज मंदावल्याचं दिसतं. गेलेले वायुकोश मात्र परत येत नाहीत. यकृताला याचा काहीच उपयोग नाही, कारण माळा तिथे तशाच साचत राहतात. उलट यकृतातलं झेडचं उत्पादनच थांबवणारी औषधं चाचणीत आहेत. त्यांनी साठा घटतो, पण रक्तातलं प्रथिन आणखी खाली जातं. यकृत प्रत्यारोपणाने दोन्ही प्रश्न सुटतात, कारण नवं यकृत दात्याचं निरोगी प्रथिन बनवतं. पण निव्वळ फुप्फुसासाठी एवढी मोठी शस्त्रक्रिया कुणी करत नाही. आता यकृतातल्या पेशींमध्ये जनुकाचं ते एक चुकीचं अक्षर जागच्या जागी दुरुस्त करण्याचे प्रयोग माणसांवर सुरू झाले आहेत. एकाच उपायाने साठा आणि टंचाई दोन्ही हटवण्याचा तो प्रयत्न आहे.